हवालदाराचा पंखा : आमचे आबाजी आणि काळ्या पेटीतली दोन मेडलं

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री ९.५०

आमचे आबाजी, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, गेल्या महिन्यात गेले. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. नाव देत नाही, कारण गाव लहान आहे आणि त्यातले चारजण तरी इथं वाचत असतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी दूध-भाकर कुस्करून खाल्ली, वाटी स्वतः विसळली आणि खिडकीत पालथी घातली. सकाळी मोठेबाबा चहा घेऊन गेले तेव्हा वाटी तशीच पालथी होती आणि आबाजी कुशीवर. पंधरा वर्षं पल्टणीत होते, पण जाताना कोणाला हाक मारली नाही.

तेरवीच्या आधी घरात वयावरून भांडण. फ्लेक्सवाल्याला मजकूर द्यायचा होता. पल्टणीच्या कागदावर जन्म १९३२ चा. आत्या म्हणे, ते भरतीवाल्यानं डोळ्याच्या अंदाजानं लिहिलं, खरं वय चार वर्षांनी जास्त. पुरावा? आष्टीचं झालं ती नागपंचमी. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक गेले आणि गोळीबार झाला, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आजी सांगायची, त्या दिवशी नागपंचमी म्हणून औत बंद होतं, नाहीतर आबाजी डवऱ्यावर असते. आता दहा वर्षांच्या पोराच्या हाती कोणी डवरा देत नाही. चौदा वर्षांच्या देतात. आत्याचं गणित एवढंच, आणि ते मला तरी भरतीवाल्याच्या डोळ्यापेक्षा बरं वाटतं. शेवटी मोठेबाबांनी दोन्हींच्या मधला आकडा छापून टाकला, जो कोणाच्याच हिशोबानं बरोबर नाही.

पण धागा त्यासाठी काढला नाही.

आबाजींची एक गोष्ट होती. ते म्हणायचे की फौजेत असताना एकदा दूर देशी गेले. जहाजातून. "अन् तेथच्या जमिनीले पाय नाई लावू देल्ला आमाले त्यायनं. जहाजावरून उचललं, पंख्याच्या इमानात बसवलं अन् थेट कँपात नेऊन ठेवलं." पंखा वर असतो आणि ते उभ्याउभ्या वर जातं, हे ते हाताचा पंजा डोक्यावर गरगर फिरवून दाखवायचे. हे त्यांनी १९५४ साली गावात येऊन सांगितलं. तेव्हा गावात सायकली दोन होत्या. लोक हसले. पुढे गावात म्हणच पडली. कोणी काही न पटणारं बोललं की, "हे म्हंजे हवालदाराचा पंखा झाला!" मी स्वतः शाळेत असताना मित्रांना म्हणालो आहे. आबाजींच्या देखत म्हणालो आहे. ते काही बोलले नाहीत, विडी विझवून वावरात निघून गेले.

(आणखी एक. ते हवालदार नव्हतेच. नाईक होते, दोन फित्या. तिसरी फीत गावानं दिली.)

परवा त्यांची काळी पत्र्याची पेटी उघडली. वर एक फाटका कांबळा, खाली कापूस विक्रीच्या जुन्या चिठ्ठ्या, एकाधिकार खरेदीच्या काळातल्या, आणि तळाशी डिस्चार्ज बुक आणि फडक्यात बांधलेली दोन मेडलं. काळी पडली आहेत. दोन्हीच्या फितीवर एकेक छोटी धातूची पट्टी. चिंचेनं एक घासली तर 'कोरिया' असं वाचता आलं. दुसऱ्यावर 'गोवा १९६१'.

गोवा समजलं. पण कोरिया? आपली फौज तिकडे कधी लढली? आणि डिस्चार्ज बुकात पत्ता 'जिल्हा वर्धा, म. प्र.' असा का आहे? कोणी जाणकार असेल तर सांगा.

पऱ्हाटी | रविवार, रात्री १०.३५

आबाजींना आदरांजली. पालथ्या वाटीचं वाचून थांबले. आमच्या आजोबांचं तसंच, जेवलेलं ताट दुसऱ्यानं उचललेलं त्यांना चालत नसे.

कोरियाबद्दल मला माहीत नाही, पण चिंचेनं घासू नका आता. जुन्या वस्तूची चमक कायमची जाते.

कागदकिडा | रविवार, रात्री ११.१०

म. प्र. चं सोपं आहे. तुमचे आबाजी भरती झाले तेव्हा वर्धा जिल्हा खरोखरच मध्य प्रदेशात होता. जुना मध्यप्रांत-वऱ्हाड, त्याचं १९५० साली मध्य प्रदेश झालं आणि त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे घर न हलवता तुमच्या आबाजींची तीन राज्यं झाली. माझ्या आजीच्या जमिनीच्या कागदावरही हाच गोंधळ आहे, आणि तलाठ्याला तो समजावताना माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

फौजीकाका | सोमवार, पहाटे ५.४०

मी बावीस वर्षं फौजेत काढून कारंज्याला स्थायिक झालो. तुमचं वाचून झोप उडाली म्हणा ना.

आधी एक काम करा. मेडल आडवं धरून त्याची कड पाहा. आपल्याकडे कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. नाव आबाजींचंच आहे का ते बघा. जुन्या बाजारात कोणाचीही मेडलं मिळतात म्हणून विचारतो, राग मानू नका. आणि डिस्चार्ज बुकात पल्टण कोणती लिहिली आहे?

धुऱ्यावरचा | सोमवार, सकाळी ८.१५

काका, नाव त्यांचंच. भिंग लावून पाहिलं. दोन्हीवर. पल्टण '२ पॅरा (मराठा)'. पण ते बोलताना कधी "मी मराठा पल्टणीचा" म्हणत, कधी "छत्रीवाला". आम्हाला वाटायचं दोन्हीपैकी एक फेक.

फौजीकाका | सोमवार, सकाळी ११.०५

दोन्ही खरं. मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन छत्रीवाली केली होती. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट वेगळी उभी राहिली तेव्हा ती २ पॅरा झाली, पण जवान मराठेच, म्हणून कंसात मराठा. उड्या शिकवायचे आग्र्याला.

आता कोरिया. नीट वाचा.

आपली फौज तिथं लढायला गेली नाही. १९५० पासून आपलं ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक तिथं होतं, ते वेगळं. जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली आणि प्रश्न आला कैद्यांचा. उत्तर कोरियाचे आणि चीनचे हजारो कैदी म्हणत होते, आम्हाला मायदेशी परत जायचं नाही. दुसऱ्या बाजूचेही थोडे होते. दोन्ही बाजूंना चालेल असा राखणदार हवा होता, तो भारत झाला. कैद्यांच्या प्रश्नासाठी तटस्थ देशांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या राखणीला 'कस्टोडियन फोर्स इंडिया'. तिचे कमांडर मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. त्या फोर्समध्ये २ पॅरा मराठा होती.

आणि आता तुमच्या गावाच्या म्हणीचं. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर खार खाऊन होते. भारत कम्युनिस्टांच्या बाजूचा आहे असा त्यांचा समज. त्यांनी सांगून टाकलं की भारतीय शिपायाचा पाय माझ्या जमिनीवर पडता कामा नये. म्हणून सप्टेंबर १९५३ मध्ये आपले जवान जहाजानं इंचॉन बंदराबाहेर आले तिथून त्यांना अमेरिकन विमानवाहू जहाजावर घेतलं आणि त्या जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. हजारो माणसं अशी नेली.

जमिनीला पाय लावू दिला नाही. पंख्याचं विमान. तुमचे आबाजी शब्दन् शब्द खरं सांगत होते.

पऱ्हाटी | सोमवार, सकाळी ११.३०

अरे देवा.

धुऱ्यावरचा | सोमवार, दुपारी ३.२०

काका, मी ऑफिसात बसून वाचलं. मग बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

एकच विचारतो. त्या कँपाचं काही नाव होतं का?

फौजीकाका | सोमवार, सायंकाळी ६.००

होतं. आपल्या लोकांनी त्याला 'हिंद नगर' म्हटलं होतं. का विचारलं?

धुऱ्यावरचा | सोमवार, सायंकाळी ६.४५

आमचं नाल्याकडचं साडेतीन एकराचं वावर आहे. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर. पण घरात त्याला सगळे 'हिंदनगरचं वावर' म्हणतात. "आज हिंदनगरात निंदण हाये", "हिंदनगरची तूर काढाची हाये". आम्हाला वाटायचं, म्हातारा फौजी, देशप्रेम म्हणून ठेवलं असेल नाव. आबाजींनी तिथं काटेरी तारेचं कुंपण केलं होतं, सगळ्या शिवारात पहिलं. बाकीचे बोरी-बाभळीच्या काट्यांचं करायचे. तारेवरून घरात भांडण झालं होतं म्हणे, एवढा पैसा कशाला म्हणून. कोपऱ्यावर चार बल्ल्या रोवून मांडव केला होता, उंच. आम्ही पोरं त्याला माळा म्हणायचो. ते 'पोस्ट' म्हणायचे.

रानडुकरं यायची म्हणून असेल. किंवा नसेल. आता कोणाला विचारू?

कागदकिडा | सोमवार, रात्री ९.००

फौजीकाकांच्या माहितीत थोडी भर. ती राखणदारी सोपी नव्हती. कैदी वीस हजारांच्या वर, आतमध्ये त्यांच्या टोळ्या, दगडफेक, घोषणा, आणि आपल्या जवानांना सक्त ताकीद की होता होईतो गोळी चालवायची नाही. एका भारतीय मेजरला कैद्यांनी आत ओढून धरून ठेवलं होतं. थोरात स्वतः तारेच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. पुढे त्यांना अशोक चक्र, वर्ग दोन मिळालं. जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक कैद्यांना सोडलं आणि फोर्स परतीला लागली. कोणत्याच बाजूला जायचं नाही म्हणणारे ८८ जण आपल्या जवानांसोबत भारतात आले.

नांदूरची_सून | मंगळवार, सकाळी ७.३०

दादा, मी कोण ते तुला कळलंच असेल. घरच्या ग्रुपवर तुझा धागा फिरतो आहे.

सगळं वाचलं, रडले पण. तरी एक लिहू का? आबाजी माझेही आजोबा, आईकडून. माझ्या आईला त्यांनी सातवीतून काढलं. आर्वीला जाऊन पुढं शिकायचं होतं तिला, गणितात पहिली यायची. "पोट्टीनं एकटीनं मोटारीत बसू नये" एवढं एकच कारण. ज्या माणसाला एकट्याला समुद्रापार पाठवलं होतं त्यानं हे म्हणावं! आई आजही हिशोब तोंडी करते आणि कॅलक्युलेटरवाल्या दुकानदाराला चुका काढून दाखवते. तेव्हा फ्लेक्सवर 'आधारवड' लिहिलं ते मला नाही आवडलं, हे मी तेरवीलाच बोलणार होते. नंतर पाहुणे होते म्हणून राहिलं.

आणि हो, मला मात्र त्यांनीच सायकल घेऊन दिली, पुलगावहून, डोक्यावर छत्री धरून पावसात हातानं लोटत आणली. आईनं ती पाहून तोंड फिरवलं होतं. कोणती बाजू लिहायची ते तू बघ.

धुऱ्यावरचा | मंगळवार, सकाळी ९.४०

ताई, दोन्ही राहू दे इथं. आत्याबद्दल मला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम टाळलं. चूक झाली.

बोरनदी | मंगळवार, दुपारी १.१५

पेन्शनीवर आल्यावर काय केलं त्यांनी? आमच्याकडचे बहुतेक फौजी नंतर चौकीदारीत गेले.

धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री १०.००

तेच. पुलगावच्या दारूगोळा भांडारात डीएससीत (लष्करी ठाण्यांची राखण करणारं माजी सैनिकांचं दल), म्हणजे पुन्हा वर्दी, पुन्हा पहारा. आर्वी-पुलगाव छोट्या गाडीनं जायचे, पंधरवड्यानं घरी यायचे. पेरणीच्या वेळी सुट्टी मिळाली नाही की आजीच्या नावानं पोस्टकार्ड येई: कोणत्या तासात काय पेरायचं, सरकी किती, तुरीचे तास किती अंतरानं. आजीला वाचता येत नव्हतं. कार्ड मास्तराकडून वाचून घ्यायची आणि पेरायची स्वतःच्या मनानं. पीक आलं की आबाजी म्हणत, "पाह्य, मी सांगतलं तसं केलं तं कसं झालं." आजी काही बोलत नसे. हे मला आजीनं त्यांच्या माघारी सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडावर धरून हसली.

३१ मे २०१६ ला त्या भांडाराला रात्री आग लागली. सकाळी टीव्हीवर दाखवत होते. आबाजी तोवर जवळजवळ बहिरे झाले होते. पडद्यावरचा धूर पाहून त्यांनी पहिलं काय विचारलं? "शेड कोनता?" मी म्हटलं, सांगत नाहीत. "पहाऱ्यावर डीएससीचे कोन व्हते?" तेही सांगत नव्हते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. मला वाटलं माळ जपतात. जवळ गेलो तर शेडचे नंबर.

पेन्शनीचंही एक. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा तर अंगठा मशीनवर उमटेना, साठ वर्षं दोरखंड आणि वखर धरून रेषाच राहिल्या नव्हत्या. एका बँकेत त्यांना तीन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या वेळी ते काउंटरसमोर सावधान उभे राहिले आणि खणखणीत आवाजात नंबर, हुद्दा, नाव सांगितलं. सगळी बँक गप्प. मग आतून साहेब आला आणि कागदावर सही घेतली. नव्वदीनंतर पेन्शन ४० टक्क्यांनी वाढते, पंच्याण्णवनंतर ५०. मोठेबाबा म्हणाले, खरं वय लावून घेऊ. आबाजी म्हणाले, "भरतीच्या दिवशी मी खोटं नाई बोललो. साहेबानं लिवलं, मी अंगठा देल्ला. आता मी कायले बदलू?"

पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ८.५०

पेटीत आणखी काही होतं का? पत्रं, फोटो?

धुऱ्यावरचा | बुधवार, सकाळी ९.३०

फोटो एकच, भरतीचा, त्यावर वाळवी. पेटीत नाही, पण घरात साखरेच्या डब्यात एक पितळी चमचा आहे. लांब सरळ दांडा, वाटी अगदी उथळ आणि गोल. त्याला लहानपणापासून 'पल्टणीचा चमचा' म्हणतो.

सोलवारी | बुधवार, दुपारी २.००

कामानिमित्त तीन वर्षं कोरियात होतो. तिकडचा जेवणाचा चमचा अगदी असाच असतो, उथळ गोल वाटी आणि लांब दांडा. जुने पितळेचे असत. फोटो टाका ना!

धुऱ्यावरचा | बुधवार, रात्री ८.२०

लोकहो, थांबा. फोटो काढायला आत्याला सांगितलं तर ती फोनवर हसायलाच लागली. तो चमचा आजीनं कौंडण्यपूरच्या कार्तिकी यात्रेत घेतला, आत्या सोबत होती, दुकानदाराशी चार आण्यांसाठी झालेली घासाघीस तिला आठवते. पल्टणीचा यासाठी की आबाजी सुट्टीवर आले की त्यांच्या चहात त्यानंच साखर घालायचे.

सोलवारी | बुधवार, रात्री ८.३५

😄 मी तिकीट काढून बघायला यायच्या बेतात होतो.

धुऱ्यावरचा | रविवार, सायंकाळी ७.१०

काल गावी गेलो. फौजीकाकांचं सगळं लिहिणं छापून नेलं होतं.

आबाजींच्या बरोबरीचे गावात आता एकच उरले आहेत. दिसत नाही, पण कान शाबूत. 'हवालदाराचा पंखा' ही म्हण पहिल्यांदा काढली ती त्यांनीच, असं गाव म्हणतं. पारावर त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवलं. सिंगमन री वगैरे सोडून दिलं. जहाज, पंखा आणि जमिनीला पाय, एवढं दोनदा वाचलं. सात-आठ माणसं जमली होती. कोणी हसलं नाही.

ते बराच वेळ काठी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग काय, पंखा खरा व्हता?"

म्हटलं, हो आजा, खरा होता.

"सरकारी कागदावर हाये?"

आहे.

पुन्हा गप्प. मग एकदम माझा हात धरून म्हणाले, "अन् थ्या चहाची गोठ? तो म्हने का तेथं मगातला चहा पेता पेता गोठे. ते बी मी खोटं म्हनलं व्हतं. पोलिओच्या पोरावानी नक्कल केल्ती त्याची, गोठलेल्या बोटाइची. साऱ्याइसमोर."

मला उत्तर देता आलं नाही. फौजीकाका, तिकडे हिवाळ्यात थंडी किती असते?

फौजीकाका | रविवार, रात्री ९.०५

जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश सहज जातो. ते तंबूत होते, वरून पहारा. चहाचा मग पत्र्याचा असणार. खाली ठेवून दोन फेऱ्या मारून आले की वर पापुद्रा धरतोच.

पेता पेता नाही गोठत. तेवढं मीठ आबाजींनी लावलं असेल. पण त्या म्हाताऱ्याला हे शेवटचं सांगू नका.